देठ सोडून सगळं

कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण एका अख्ख्या देशाच्या कायद्यातलं दशांश चिन्ह मी नुसत्या दातांनी एक घर डावीकडे सरकवलेलं आहे. सही केली नाही, भाषण ठोकलं नाही, कुणाच्या पाया पडलो नाही. खाल्लं. फळांवर फवारणीचं औषध किती उरलेलं चालेल याचा जो कायदा आहे, त्यात नासपतीच्या पुढे जो आकडा छापलेला आहे, तो माझ्या जबड्यातून गेलेला आहे. न्हाव्याला हे सांगितलं तेव्हा त्याने वस्तरा गालावरच थांबवला. दातांच्या डॉक्टरला सांगितलं तेव्हा त्याने आरसा घालून आत नीट पाहिलं आणि म्हणाला, “आजोबा, यातला एकही दात तुमचा नाही.” मी म्हटलं, “त्या दिवशीच झिजले.” आमची ही म्हणते की या गोष्टीतल्या नासपत्या दरवर्षी वाढतात. वाढणारच, झाड जुनं आहे.

आज ती गोष्ट पुन्हा निघाली ती गॅलरीत. रविवारची दुपार होती. आमच्या गॅलरीत दोन माणसं सुखाने बसतात आणि पाच माणसं एकमेकांचे गुडघे सांभाळत बसतात. आम्ही पाच होतो. ही मांडीवर ताट घेऊन शेंगा सोलत होती. जावयाने येताना कागदी पिशवीभर नासपत्या आणल्या होत्या, हिरव्या, मानेजवळ जराशा पिवळ्या, हातात घेतल्यावर गार लागणाऱ्या. मी माझी नासपती चाकूने चार भाग करून, गाभा बशीत काढून, सावकाश संपवली होती. मुलगी काही खात नव्हती, ती वाढत होती. आणि तिची चार वर्षांची टिल्ली पिवळ्या स्टुलावर बसून, पाय हलवत, नासपतीला दोन्ही हातांनी धरून वरून खाली खात सुटली होती. साल, गर, गाभा, बिया, सगळं. शेवटी हातात देठ उरला की तो कठड्यावर ठेवायचा, आधीच्या देठाला लावून, आणि पिशवीकडे हात करायचा. कठड्यावर चार देठ झाले तेव्हा मुलीने पिशवीचं तोंड मुरडलं.

“पुरे. पाचवी नाही.”

“का?”

“कारण कुणी पाच खात नाही.”

जावई हसला. चांगला माणूस आहे, लेकीवर जीव टाकतो, हसला तोही कौतुकानेच. “एवढ्याशा पोटात पाच? अशी मुलगी नसतेच मुळी.”

ही पण हसली. टिल्लीही हसली, मोठी माणसं हसली की मुलं हसतात तशी, का ते न कळता, आणि तिचा पुढे केलेला हात हळूच मागे गेला, मांडीखाली. तेवढंच झालं. खाली रस्त्यावरून कुणी फ्रीज नेत होतं, हातगाडीच्या चाकाचा आवाज येत होता, हिच्या ताटात दाणे पडत होते. पण मला एकदम असं वाटलं की मी लिफ्टमध्ये आहे आणि ती दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेली आहे. समोर दार नाही, नुसती भिंत. हेच वाक्य, शब्द न शब्द, मी पूर्वी एकदा ऐकलं होतं, आणि तेव्हाही सगळे असेच हसले होते.

ते वाक्य ऐकलं तो हॉल चौथ्या मजल्यावर होता, औषधाचा आकडा ठरवणाऱ्या सरकारी समितीचा. लांब टेबल, माइकच्या स्पंजचा तोंडाला लागणारा वास, एका बाजूने कड्यातून निसटलेला पडदा, जो मी त्या समितीत होतो तितकी वर्षं तसाच लोंबत राहिला. काम काय, ते मी टिल्लीलाही समजेल असं सांगू शकतो. बागेत औषध फवारतात, ठरलेले दिवस थांबतात, मग फळं तोडून प्रयोगशाळेत आणतात आणि न धुता, न सोलता, सालीसकट, बियांसकट, गाभ्यासकट त्यांचा लगदा करतात. नासपतीचा तेवढा देठ काढतात. देठ सोडून सगळं, असा नियमच आहे. त्या लगद्यात औषध किती, ते एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आहारपाहणीच्या बायका, ज्या घरोघर तराजू घेऊन फिरतात आणि कोण दिवसात काय किती खातं ते वजन करून नेतात. दोन्हींचा गुणाकार करायचा, खाणाऱ्याच्या वजनाने भागायचं, आणि येईल ते शरीराला झेपतं का ते बघायचं. सगळ्यात जास्त खाणाऱ्याला झेपलं की बाकीच्यांना झेपलंच. हा हिशेब माझ्याकडे. समितीत मला ‘गुणाकार’ म्हणायचे, आणि मी नसलो की ‘भागाकार’, कारण माझ्यामुळे प्रत्येकाच्या पदरात कमी पडायचं.

“बाबा कुठे गेले?” मुलगी म्हणाली. तिला माझा चेहरा कळतो. “गोष्ट येतेय वाटतं.”

“येतेय,” मी म्हटलं. “नासपतीचीच आहे.”

“घ्या,” ही म्हणाली. “टिल्ले, आजोबा आता खोटं बोलणार आहेत, नीट बस.”

मी घसा साफ केला. मला टिल्लीचा मांडीखाली गेलेला हात बाहेर काढायचा होता, आणि माझ्याकडे त्यासाठी दुसरं हत्यार नव्हतं. खरं तर ज्या गोष्टीने तो बाहेर आला असता ती मला ठाऊक होती, पण ती सांगायची नाही असा शब्द मी दिलेला होता, एका बाईला, पाण्याच्या फिल्टरजवळ, आणि त्या बाई आता या जगात नसल्या तरी शब्द आहे. तेव्हा नेहमीची काढली.

“तर आमच्या समितीत एक टायवाला होता,” मी सुरू केलं. टायवाला खराच होता. औषध बनवणाऱ्या कंपनीतर्फे यायचा, आणि त्याचा टाय इतका घट्ट असायचा की बोलणं पिळून आल्यासारखं यायचं. त्याला पाहिजे असलेला आकडा तयार होता, आमच्याकडचा हिशेबही जवळजवळ तिथे पोचत होता, आणि अध्यक्षबाईंनी शेवटची ओळ वाचली. नासपती खाणारी लहान मुलं पाहणीत मोजकीच सापडली होती, आणि त्यांत सगळ्यात जास्त खाणारी एक मुलगी होती. वय चार, वजन पंधरा किलो, एका दिवसात पाच. शेरा असा होता की साल, बिया, गाभा सगळं खाते, फक्त देठ उरतात, ते खिडकीत ओळीने मांडते. ही मुलगी तक्त्यात राहिली तर आकडा निम्मा करावा लागणार होता. म्हणजे बागांमध्ये शेवटची फवारणी खूप आधी थांबणार, औषध कमी खपणार. ती वगळली तर सगळं टायवाल्याच्या मनासारखं.

“मॅडम, हे शक्य नाही,” टायवाला म्हणाला होता. “अशी मुलगी नसतेच मुळी. घरभराची फळं नोंदवणाऱ्या बाईने एकीच्या पुढ्यात मांडलेली दिसतात. आणि गाभा कोण खातं हो? चूक आहे. चूक म्हणून काढून टाकू या.”

सगळे हसले. मनापासून, दुपारच्या जेवणानंतर माणसं हसतात तसं. मी मात्र पेन्सिल धरून बसलो होतो, आणि मला दिसत होता तो त्याच दिवशी सकाळचा आमच्या न्हाणीघराच्या खिडकीचा कठडा. दाढीचा पेला ठेवायला जागा नव्हती म्हणून मी पेल्यानेच देठांची ओळ बाजूला सारली होती. काही आठवडे आधी ही म्हणाली होती, “आज एक बाई तराजू घेऊन आली होती, दिवसभर बसली बिचारी, चहा दिला.” आणि मी वाचता वाचता “हं” म्हटलं होतं. त्या “हं”चा अर्थ मला चौथ्या मजल्यावर कळला. माझी मुलगी टेबलावर होती. टेबलाभोवती बसलेली माणसं तिला चूक म्हणत होती आणि खोडायला निघाली होती, आणि त्यांत कुणी वाईट नव्हतं.

“मग मी उभा राहिलो,” मी गॅलरीत म्हटलं. “म्हटलं, थांबा. अध्यक्षबाई, मुलीचं वजन पंधरा, माझं एकोणसत्तर. तिने पाच खाल्ल्या तर त्या मानाने मी किती खायला हव्यात? गुणाकार मीच केला. तेवीस.”

“गेल्या वर्षी अठरा होत्या,” ही म्हणाली.

“गेल्या वर्षी माझं तेव्हाचं वजन मला कमी आठवत होतं.”

जावई पुढे सरकून बसला. त्याला पहिल्यांदाच ऐकायला मिळत होती. “मग?”

“मग काय, पेटी मागवली.”

“टोपली,” ही म्हणाली.

“टोपलीत तेवीस मावतात का? पेटी. टेबलाच्या मधोमध ठेवली, टायवाल्यासमोर. शिपायाला सांगितलं, चाकू नको.”

गोष्टीत माझं तोंड असं आत, हॉलमध्ये, जेवायला बसलं होतं, आणि खरा मी त्या वेळी बाहेर बाकावर बसलो होतो. कारण झालं होतं ते एवढंच. चहाच्या सुट्टीत मी अध्यक्षबाईंना पाण्याच्या फिल्टरजवळ गाठलं. म्हटलं, मॅडम, ती मुलगी मी ओळखतो. त्या म्हणाल्या, “किती ओळखता?” मी म्हटलं, “रोज आंघोळ घालतो.” त्यांनी कप खाली ठेवला. उंच, सडपातळ बाई, चष्म्याची दोरी गळ्यात, रागावल्या तरी आवाज तोच. म्हणाल्या, “मग तुम्ही बाहेर बसायचं. आणि मला सांगितलंत तेवढं पुरे, आणखी कुणाला सांगायचं नाही. घरी पण नाही. ज्यांच्या दारात आपला तराजू गेला त्यांना आपण शब्द दिलाय की कुणाचं ताट कुणाचं ते बाहेर पडणार नाही. ते घर तुमचं निघालं म्हणून शब्द बदलत नाही.” मी म्हटलं, “पण ते तिला काढून टाकतील.” त्या म्हणाल्या, “बघू,” आणि आत गेल्या. दाराला दुधी काच होती. त्या काचेतून माणसं दिसत नाहीत, माणसांएवढे डाग दिसतात.

त्या बाकावर मी किती वेळ होतो कुणास ठाऊक. समोरच्या भिंतीवर आग लागल्यावर कुठून पळायचं त्याचा नकाशा होता, तो मला अजून पाठ आहे. माणूस स्वतःच्या मुलीबद्दल बोलणं चाललेलं असताना दाराबाहेर बसतो तेव्हा त्याला तिच्यापेक्षा स्वतःचंच जास्त आठवतं, हे मला तिथे कळलं. मला आत्याचं घर आठवलं. मी टिल्लीपेक्षा थोडा मोठा असेन. आत्याने मधोमध ताटलीत फळं ठेवली होती, पाहुणे होते, आणि मी आपला खात होतो, तल्लीन होऊन, मनगटावरून रस कोपरापर्यंत गेलेला, आणि कुणीतरी, आवाज आठवत नाही, म्हणालं, “अरे, याला आवरा कुणीतरी.” हसू पिकलं. माझा हात हवेतच थांबला. आत्याने मायेने माझ्या हातातलं फळ घेतलं, चाकूने चार फोडी केल्या, गाभा काढून टाकला आणि फोडी माझ्या पुढ्यात ठेवल्या. “असं खावं,” म्हणाली. तेव्हापासून मी तसंच खात आलो. काहीतरी बशीत उरवलं की माणूस सभ्य दिसतो, हे एकदा हाताला लागलं की सुटत नाही. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, आणि ती मुलगी फळाला वरून सुरुवात करून खाली संपवायची, आणि देठ माझ्या हातावर ठेवायची, जणू काही मलाही थोडं मिळावं म्हणून. आम्ही तिला ‘खार’ म्हणायचो. मी तिच्याकडे बघत बसायचो. माझ्या हातातून जे गेलं ते तिच्या हातात धडधाकट आहे असं वाटायचं. आणि आत, दुधी काचेच्या पलीकडे, तिला आवरायचं चाललं होतं. आत्याने निदान फोडी तरी दिल्या होत्या.

“पहिल्या दहा कशा गेल्या कळलंच नाही,” मी सांगत होतो. “अकरावीला पट्टा सैल केला. चौदावीला बागवाला म्हणाला, गुणाकार, थांबा आता, हिशेब पटला. मी म्हटलं, तुम्हाला पटला, टायला पटलेला नाही.”

टिल्ली आता हसत होती, पण वेगळं. “पोट फुटलं?”

“फुटणार होतं. शर्टाचं बटण उडालं आणि टायवाल्याच्या पाण्याच्या ग्लासात पडलं.”

“हे नवीन आहे,” ही म्हणाली.

बागवाला मात्र खरोखर बोलला होता, पण माझ्याशी नव्हे. बागाईतदारांतर्फे यायचा, दांडगा माणूस, माइक लागायचा नाही, म्हणून तर मला बाहेर ऐकू आलं. आकडा निम्मा झाला तर सगळ्यात जास्त त्रास त्यालाच होता, फळात अळी पडली तर त्याच्याच बागेत पडणार होती. मी बाकावरूनच, मनातल्या मनात, नकाशातला बाण धरून तिसऱ्यांदा जिना उतरत होतो तेव्हा आतून त्याचा आवाज आला. “माझा नातू फांदीवर बसून खातो. मी खालच्या फांद्या जमेतच धरत नाही, त्या त्याच्या. गाभा खातो, बिया खातो, कधी पान पण खातो. तेव्हा मुलगी नसते असं म्हणू नका साहेब. घरोघर नसेल. एका घरात असली तरी ती आहेच की.” मग टायवाला म्हणाला, “मग सिद्ध करा.” आणि अध्यक्षबाई, तोच आवाज, “करू ना. आपल्या लगद्यात गाभा असतो, बिया असतात. आपण देठ सोडून सगळं मोजतो आणि ती देठ सोडून सगळं खाते. कायद्याला जसं फळ दिसतं तसं खाणारी एवढी एकच सापडली आणि तिलाच चूक म्हणताय. तराजू पुन्हा जाईल. खोटं ठरलं तर काढू. विचित्र आहे म्हणून काढणार नाही.”

हे वाक्य मी बाकावर बसून ऐकलं. मी त्या दिवशी केलं ते काम एवढंच, ऐकलं. खोटं ठरलं तर काढू, विचित्र आहे म्हणून नाही. मला वाटलं होतं की कुणीतरी उठून, आत जाऊन, हे माझ्या आत्याच्या घरी पण सांगावं.

तराजूवाली पुन्हा आली तेव्हाही नियम तोच. घरातल्या ज्या माणसाला ठाऊक आहे त्याने घरात थांबायचं नाही. दुपारी मी काहीतरी निमित्त काढून खाली उतरलो आणि समोर किल्ल्या करणाऱ्याच्या टपरीला टेकून उभा राहिलो. नुसतं किती वेळ उभं राहणार, म्हणून खिशातली घराची किल्ली त्याला दिली, म्हटलं कर एक अशीच. कानसीखाली पितळेचा भुसा पडत होता आणि मी वर बघत होतो. आमच्या गॅलरीच्या कठड्याखालून हेच पिवळं स्टूल दिसत होतं, म्हणजे त्याचे दोन पाय, आणि वरून लोंबणारे दुसरे दोन पाय, हलणारे. पाय हलताहेत म्हणजे खातेय. मग थांबले. मनात म्हटलं, खा गं बाई, आज लाजू नकोस, आज पोट भरलंय म्हणू नकोस. मुलीने जास्त खावं म्हणून देव पाण्यात ठेवणारे बाप असतात, पण रस्त्याच्या पलीकडे उभं राहून, तिला कळू न देता, एका आकड्यासाठी? मग वाटलं, आकड्यासाठी नाही. नाही खाल्लं तरी ती आहेच. आणि मग पाय पुन्हा हलायला लागले.

तराजूवाली खाली आली ती संध्याकाळ व्हायला लागल्यावर. ठेंगणी बाई, खांद्याला तराजूची जड पिशवी. मला ओळखायची, ऑफिसात रोज दिसायची. नियमाप्रमाणे एक अक्षर बोलली नाही, बघितलंसुद्धा नाही, फक्त टपरीजवळून जाताना माझ्या हातावर काहीतरी ठेवून पुढे गेली. देठ होता. किल्लीवाला म्हणाला, “काय दिलं बाईने?” मी म्हटलं, “पावती.” तो देठ मी शर्टाच्या खिशात ठेवला, आणि जपून ठेवला असता, पण ही कपडे धुताना खिसे बघत नाही.

पुढे कायदा छापून आला. आकडा निम्मा झाला होता. दशांश चिन्ह जागचं हललं नव्हतं, ते पुढे मी गोष्टीत हलवलं, निम्म्याला लोक माना डोलावत नाहीत म्हणून. पण बागांमध्ये शेवटची फवारणी फळ सुपारीएवढं असतानाच थांबायला लागली, आणि ती अजून तशीच थांबते. आज जावयाने आणलेल्या पिशवीतल्या नासपत्यांनाही तोच आकडा लागू आहे. त्या मुलीचा. मुलगी मात्र मोठी झाली आणि कधी, ते माझ्या लक्षातही आलं नाही, उरवायला लागली. घरातल्या लग्नात, बारशात कुणी तिला खादाड म्हणालं की सगळ्यांच्या आधी तीच हसायची. स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत तिने अर्धं ताट तसंच ठेवलं, आणि मला ते दिसलं, आणि मी काही बोललो नाही. काय बोलणार होतो? तुझ्यामुळे एक कायदा झालाय, तेव्हा भात संपव? शब्द दिलेला होता. म्हणून मी ती सगळी फळं स्वतः खाऊन टाकली, गोष्टीत. वाटलं, निदान घरात असं कुणीतरी आहे असं तरी तिला वाटावं, भरपूर खाणारं, आणि त्याबद्दल फुशारकी मारणारं.

“आणि तेवीस?” जावयाने विचारलं.

“तेवीस झाल्या. तोंड पुसलं. साल नाही, बी नाही, गाभा नाही, टेबलावर काही म्हणजे काही उरलं नाही. फक्त देठ. ते मी एकेक करून टायवाल्याच्या पुढ्यात ओळीने मांडले, एकाला एक लावून, खिडकीत मांडतात तसे. म्हटलं, मोजा. आणि साहेब, यापुढे अशी मुलगी नसते म्हणायचं नाही. ती असते. ती असते म्हणून बाकीचे निर्धास्त खातात. आणि त्याच दिवशी दशांश चिन्ह उठलं आणि...”

“...एक घर डावीकडे सरकलं,” हिने वाक्य पुरं केलं. दाण्यांचं ताट तिने खाली ठेवलं. “हे तेव्हाचंच ना, ती तराजूवाली बाई आपल्याकडे दुसऱ्यांदा आली होती तेव्हाचं? मला चांगलं आठवतंय. घरात तीन किल्ल्या असताना तुम्ही खाली जाऊन चौथी करून आणलीत. आणि आलात ते या खारीला कडेवर घेऊन घरभर नाचत होतात. मला वाटलं, बढती मिळाली.”

“किल्ली लागते हाताशी,” मी म्हटलं.

जावई हसत होता. “बाबा, बटण मात्र जरा जास्तच झालं.”

“बटण राहू दे हवं तर. बाकी सगळं तंतोतंत.”

मुलगी हसत नव्हती. ती कठड्याकडे बघत होती, टिल्लीच्या देठांच्या ओळीकडे, आणि तिचं बोट, तिला न कळत, शेवटचा तिरका पडलेला देठ सरळ करत होतं, शेजारच्याला लावून. मग तिने हिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, आणि माझ्याकडून खाली, माझ्या पुढ्यातल्या बशीकडे. मला एकदम वाटलं की बशीवर हात ठेवावा, पण हात जागचा हलला नाही. खाली हातगाडी केव्हाच निघून गेली होती. रस्त्यावर कुणीतरी शिट्टी वाजवत चाललं होतं. तिने मुरडून ठेवलेली पिशवी उघडली. एक नासपती काढली, हाताने पुसली आणि टिल्लीच्या मांडीवर ठेवली. टिल्लीचा हात मांडीखालून बाहेर आला. मग मुलीने स्वतःसाठी दुसरी काढली, मी तिच्या दिशेने सरकवलेल्या चाकूकडे बघितलंसुद्धा नाही, वरून, मानेकडून, मोठा घास घेतला, आणि रस मनगटावर ओघळत असताना, भरल्या तोंडाने म्हणाली,

“खोटं बोलताय, बाबा. तुमच्या बशीत गाभा आहे. जन्मात कधी गाभा खाल्ला नाहीत तुम्ही, तेवीस काय, एकाही नासपतीचा नाही. देठ मी मांडायचे. त्या पाच माझ्या होत्या.”